जीपमधून उतरवणारा माणूस

उस्तादांच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिले आठ दिवस गाडी नसायची. खुर्ची असायची. कुठल्याशा शाळेतून बाद झालेली एक लाकडी खुर्ची त्यांनी जाड फळीवर खिळ्यांनी ठोकली होती आणि तिच्यापुढे भंगारातल्या जीपचे क्लच, ब्रेक, एक्सलेटर स्प्रिंगा लावून बसवले होते. शिकणाऱ्याने तिच्यात बसायचं, समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि उस्ताद जे ओरडतील त्याप्रमाणे पाय हलवायचे.

"म्हैस!"

ब्रेक.

"म्हशीमागं पोरगं!"

ब्रेक तसाच धरून ठेवायचा.

"वरात!"

क्लच, ब्रेक आणि चेहऱ्यावर संयम.

"साहेबाची गाडी!"

इथे बहुतेक जण घाबरून पुन्हा ब्रेक दाबायचे. उस्ताद मान हलवायचे. "साहेबासाठी कायको थांबून राह्यला? त्याला बी रस्ता, तुला बी रस्ता. चल."

मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. गावातल्या हायस्कुलात सोळा वर्षं मराठी शिकवत होतो, आणि भिंतीकडे बघून ब्रेक दाबणाऱ्या मला बघायला माझेच विद्यार्थी कुंपणावर येऊन बसायचे. आठव्या दिवशी मी उस्तादांना विचारलं, "आता गाडी?" ते म्हणाले, "आता पैदल."

नववा दिवस पायी असायचा. ज्या रस्त्यावर गाडी शिकायची तो रस्ता उस्ताद आधी चालायला लावायचे. कुठे खड्डा आहे, कुठे उतार लागतो, कोणत्या वस्तीवरची कुत्री मागे लागतात, हे सगळं पायांना कळल्याशिवाय ते स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. आमचं गाव राजूरपासून फार लांब नाही. जाफराबादकडच्या काळ्या-पिवळ्या जीपा आमच्या चौकात थांबतात, भरतात, आणखी भरतात आणि मग निघतात. त्या जीपा चालवणाऱ्यांपैकी निम्मे तरी उस्तादांनी असे आधी चालवत नेलेले होते.

स्कूलच्या पाटीवर नावाखाली त्यांनी पेंटरकडून एक ओळ लिहून घेतली होती: 'जल्दी शिकायचे असल्यास पुढे चौकशी करावी.' पुढे दुसरं स्कूल नव्हतं. पुढे सरकारी दवाखाना होता. उस्ताद विनोद करतात की माहिती देतात, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शिकवणीच्या जीपचा हॉर्न त्यांनी काढून टाकला होता. "हॉर्न हाये म्हणलं की माणूस ब्रेक विसरतो," असं त्यांचं म्हणणं. उर्दू पेपर ते वाचायचे, पण आदल्या दिवशीचा. आजच्या बातमीचा भरोसा नसतो, ती एक रात्र मुरू द्यावी, असं कारण सांगायचे. कुठल्या तरी समारंभात त्यांना एकदा शाल मिळाली होती. थंडीत ती त्यांनी अंगावर घेतलेली मी कधी पाहिली नाही, जीपच्या बॉनेटवर मात्र पाहिली. मी विचारलं तर म्हणाले, "सर, सुबह सुबह इंजन लवकर गरम व्हायला पाहिजे. मी तर बिडीवर बी गरम होतो."

शिकवणी संपल्याची खूण एकच होती. राजूरच्या रस्त्यावर दुसऱ्या वळणाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथे उस्ताद एखाद्या दिवशी गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरायचे, दार लावायचे आणि म्हणायचे, "जा." शिकणाऱ्याने एकट्याने पुढच्या गावापर्यंत जाऊन यायचं. परत आल्यावर उस्ताद त्याला काहीही विचारायचे नाहीत. वाकून पुढच्या चाकाच्या ड्रमला हात लावायचे. हात भाजला तर समजायचं की गडी सगळा रस्ता ब्रेकवर पाय ठेवून, जीव मुठीत धरून आलाय. ड्रम थंडगार लागला तर त्याने ब्रेक लावलाच नाही. उस्तादांना हवा असायचा तो कोमट. कोमट लागला की ते हात पुसायचे आणि चहा सांगायचे. शिकणारा पास.

आमच्याकडे आरटीओचं लायसन्स पोलिसांना दाखवायला लागतं. उस्तादांनी 'जा' म्हटलंय, हे सोयरीक जुळवताना सांगायला लागतं.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आणि त्यात ते दात दाखवून हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, फोटो आधार कार्डावरून घेतलेला आणि हसू फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर लावलेलं. 'रडका फोटो लोक लाइक करीत न्हाईत, सर,' असं त्याने मला समजावलं. तो फ्लेक्स पाहून मी हे लिहायला बसलो. मी आज लिहू शकतो, चालू शकतो, भाकरी खाऊ शकतो, हे सगळं ज्या माणसामुळे, त्याच्या तोंडावर निदान त्याचं स्वतःचं हसू तरी असावं.

आता शर्यतीचं सांगतो.

राजूरचा रस्ता नव्याने डांबरी झाला त्या वर्षीची गोष्ट. रस्ता पूर्ण व्हायच्या आधीच त्याचं दोनदा उद्घाटन झालं होतं, त्यामुळे पूर्ण झाल्यावर काही तरी मोठं करणं भाग होतं. त्याच सुमारास एका पुढाऱ्यांचा वाढदिवसही आला. दोन्ही एकत्र करून काळ्या-पिवळ्या जीपांची शर्यत घ्यायची, असं गावातल्या समितीने ठरवलं. आठ जीपा, प्रत्येकी दोन मिनिटांच्या अंतराने सोडायच्या, आमच्या चौकातून राजूरच्या कमानीपर्यंत. फलकावर लिहिलं होतं, 'भव्य ऐतिहासिक मोटार शर्यत'. जी अजून झालेली नाही ती ऐतिहासिक कशी, हा प्रश्न गावातल्या मराठीच्या मास्तरला तरी पडायला हवा होता. तो शब्द मीच सुचवला होता.

हे मान्य करायला हवं. हारतुरे, शाली, पुढाऱ्यांच्या पदव्या, सगळ्याची मी स्टाफरूममध्ये यथेच्छ टिंगल करायचो. आणि कुणी माईक हातात दिला की त्याच थाटाचा बिनपगारी नोकर व्हायचो. गावातलं कुठलंही सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. शर्यतीचं तर होतंच, शिवाय स्मरणिकेचं संपादनही. त्या स्मरणिकेसाठी मी एका जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून शर्यतीचं डोळ्यांदेखतचं वर्णन लिहावं, अशी समितीच्या अध्यक्षांची कल्पना. जीप ठरली सात नंबरची. ती चालवणार होता संतोष.

संतोष पंचविशीचा. जाफराबाद लाइनीवरचा सगळ्यांत जलद ड्रायव्हर, आणि बायका-म्हाताऱ्यांचा सगळ्यांत लाडका, कारण कुणाचं गाठोडं टपावर टाकायचं असो की कुणाला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडायचं असो, तो कुरकुर करायचा नाही. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माझाही विद्यार्थी होता, पण मराठीत त्याला मी काही शिकवू शकलो असं नाही.

गाड्यांची तपासणी उस्तादांकडे होती. समितीला वाटलं, त्यांचं नाव पत्रिकेवर छान दिसेल. उस्तादांना वाटलं, तपासणी करायची आहे.

ते पहाटे उठून सगळा रस्ता चालून आले आणि सदऱ्याच्या खिशातून मूठभर बारीक खडी काढून त्यांनी अध्यक्षांच्या टेबलावर, पुष्पगुच्छाशेजारी ठेवली.

"हे काय, उस्ताद?"

"दुसऱ्या वळणावर पडून राह्यली. दोन बाया लावा, झाडून घ्या."

"उद्घाटनाचा रस्ता झाडून घ्यायचा? फोटोत कसं दिसंल?"

"साफ दिसंल," उस्ताद म्हणाले.

खडी टेबलावरच राहिली.

मग उस्तादांनी एकेका जीपला वळणापर्यंत पळवून परत आणायला लावलं आणि प्रत्येकीच्या चाकाला हात लावला. पहिल्या सहा जीपा पास झाल्या. सातवीच्या ड्रमवर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. उठले आणि कागदावर लिहिलं: नापास.

अध्यक्ष धावत आले. "उस्ताद, ब्रेक लागत न्हाई का?"

"लागतो. एकदम फर्स्ट क्लास."

"मंग?"

"ब्रेक पास हाये. लावणारा न्हाई."

भोवती गर्दी जमली. संतोष हसत पुढे आला आणि वाकून उस्तादांच्या गुडघ्याला हात लावला. "चाचा, आज तरी जाऊ द्या ना. घरचे सगळे आलेत बघायला."

"आज तर बिलकुल न्हाई. आज लोक बघून राह्यले."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला. अध्यक्षांनी उस्तादांच्या हातातला कागद घेतला, 'नापास'मधला 'ना' खोडला आणि कागद खिशात घातला. आणि मी, मंचावरून, माईकमध्ये, म्हणालो, "गाडी पास, गडी पास, नापास फक्त उस्ताद!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत यशस्वी विनोद. उस्तादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या गाडीचा आवाज ऐकावा तसं ते मला बघत होते.

माझी वेळ आली तेव्हा माईक दुसऱ्याच्या हातात देऊन, वही आणि दोन पेनं घेऊन, मी सात नंबरच्या जीपमध्ये संतोषच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. उस्ताद आले आणि बॉनेटला पोट टेकवून जीपसमोर उभे राहिले.

"सर, खाली."

"उस्ताद, स्मरणिकेचं काम आहे."

"खाली उतरा."

"लोक बघतायत."

"म्हणूनच सांगून राह्यलो. मी तुम्हाला जा म्हणलो का अजून?"

"मी कुठे चालवणार आहे? मी नुसता बसणार."

"बसायचं बी म्हणलो न्हाई."

गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "सर, छडी खाल आता!" दहावी ब चा अख्खा वर्ग तिथे उभा होता. मी शक्य तितक्या ताठ मानेने उतरलो. त्या क्षणी उस्तादांबद्दल माझ्या मनात जे शब्द आले ते मराठीच्या शिक्षकाने इथे लिहू नयेत.

संतोषला माझी कीव आली असावी. "सर, मनाला लावून घेऊ नका. चाचा चिडले की दोन दोन दिवस जेवत न्हाईत. तुमच्या जागी वाळूचं पोतं टाकतो, वजन बराबर राहील."

"आणि स्मरणिकेचं वर्णन काय पोतं लिहिणार?"

"तुमच्यापरीस थोडक्यात लिहील, सर."

माझ्याशी तो बोलला ते हे शेवटचं वाक्य.

जीप सुटली. लोक मंचाकडे वळले, कारण पाहुणे बोलायला उभे राहिले होते. उस्ताद मात्र रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून ऐकत उभे होते. दुसरं वळण चौकातून दिसत नाही, पण तिथवरचा आवाज येतो. वळणावर गाडीचा आवाज बदलायला हवा. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसलं की उस्तादांनी एकदम धोतराचा सोगा वर खोचला आणि ते त्या दिशेने चालू लागले, मग पळू लागले. सत्तरीला टेकलेला माणूस नव्या डांबरावर पळतोय हे पाहून, त्यांच्यावर रागावलेला मीही का कोण जाणे, मागे पळालो.

जीप वळणाच्या पुढे, मोरीखालच्या कोरड्या नाल्यात डाव्या कुशीवर पडली होती. संतोष तिच्यापासून थोड्या अंतरावर, तुरीच्या धसकटांत. टपरीवाला आमच्या आधी पोचला होता आणि नुसता हात चोळत उभा होता. उस्ताद खाली बसले, संतोषच्या नाकापुढे हात धरला, मग खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या तोंडावर घातला.

"सर, तुम्ही बघू नका," ते म्हणाले.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. जीपकडे पाहिलं. डावी बाजू सीटपर्यंत आत आली होती. पोतं फुटलं होतं आणि वाळू नाल्यात पसरली होती. ती बरीच होती. माझ्या वजनाइतकी.

चौकात फोन पोचला तेव्हा पाहुणे तरुणांनी वेग कसा वाढवला पाहिजे यावर बोलत होते. अध्यक्षांनी बातमी ऐकली, फोन खिशात ठेवला आणि भाषण पूर्ण होऊ दिलं. हे मी ऐकीव सांगतोय. मी नाल्यात होतो.

दोन दिवसांनी मी उस्तादांकडे गेलो. ते खुर्चीच्या स्प्रिंगेला तेल घालत होते. मी आभाराचं भाषण मनात तयार करून नेलं होतं, त्याची सुरुवात चांगली होती. दोन वाक्यांपुढे ते गेलं नाही. उस्ताद तेलाची कुपी खाली न ठेवता म्हणाले, "सर, दोघांला उतरवायचं होतं. तुम्ही ऐकणारे निघाले. त्याच्यात माझं काय?"

पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. मांडववाला तोच. फलकही तोच, उलटा करून मागच्या बाजूने लिहिलेला. उन्हात धरला तर 'ऐतिहासिक'ची अक्षरं उलटी दिसत होती. अध्यक्षांनी संतोषला वीर म्हटलं, वेगाचा शहीद म्हटलं. संतोषचे वडील पहिल्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. बायको, वनिता, बायकांमध्ये मागे होती. मग नेहमीप्रमाणे माईक माझ्याकडे आला.

मी म्हणालो, "उस्तादांनी ही जीप नापास केली होती. त्यावर मी या माईकवरून त्यांची थट्टा केली." आणि खाली बसलो.

त्यानंतर मला गावात कुणी सूत्रसंचालनाला बोलावलेलं नाही. या सगळ्या प्रकरणात माझा झालेला हा दुसरा फायदा.

मला वाटलं होतं, उस्तादांना निदान या दोन वाक्यांनी बरं वाटेल. ते सभेतून बाहेर पडले आणि वाटेत मला थांबवून म्हणाले, "तुम्ही मला साफ केलं, सर. मी साफ न्हाई." आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

संतोष एकोणीस वर्षांचा असताना त्यांनी त्याला टपरीपाशी 'जा' म्हटलं. तो गेला आणि आला, तर उस्तादांच्या बशीतला चहा अजून गरम होता. त्यांनी ड्रमला हात लावला. थंडगार. नियमाने त्याला परत आठ दिवस खुर्चीत बसवायला हवं होतं. "पण मला ना, सर, खुशी झाली. काय हात होता पोराचा! मी म्हणलो, ह्याला ब्रेकची जरूरतच न्हाई. पूर्ण गावाला सांगत फिरलो. जिंदगीत एकच ठंडा चाक पास केला मी." मग म्हणाले, "त्या दिवशी कागदावर नापास लिहिलं ते त्याला न्हाई लिहिलं. मला लिहिलं. सहा साल लेट."

त्या दिवसापासून उस्तादांनी कुणालाही 'जा' म्हटलं नाही. स्कूल चालू राहिलं. खुर्ची, पायी चालणं, बिनहॉर्नची जीप, सगळं तसंच. फक्त टपरीपाशी गाडी थांबायची, उस्ताद चहा प्यायचे, आणि परत गाडीत येऊन बसायचे. पोरं कंटाळून आरटीओचं लायसन्स काढायची आणि निघून जायची. मीही काढलं. पण गेलो नाही. संध्याकाळी शाळा सुटली की मी उस्तादांना शेजारी बसवून टपरीपर्यंत जायचो आणि यायचो. माझी बायको म्हणायची, "डॉक्टर झाला असता एवढ्यात." मला कुठे जायची घाई नव्हती. या माणसाशेजारी बसून चहा प्यायला मिळतोय, हेच मला पुष्कळ वाटत होतं.

शर्यतीनंतर वर्षाने वनिता स्कूलमध्ये आली. पदर खोचून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "शिकवा, चाचा."

उस्तादांनी नाही म्हटलं नाही. पण तिला ते म्हैस, वरात, साहेब असलं काही ओरडायचे नाहीत. एकच शब्द. "वळण!" ती ब्रेक दाबायची. "वळण!" परत ब्रेक. आठ दिवसांचे दोन महिने झाले. मग पायी. मग जीप. तिचा हात चांगला होता, पाय त्याहून चांगला. माझ्यापेक्षा तिला लवकर आलं, हे मला आनंदाने सांगावंसं वाटतं. लायसन्स तिला पहिल्याच फेरीत मिळालं.

त्याच सुमारास आमच्या शाळेने मुलींसाठी एक गाडी घेतली. वस्त्यांवरच्या मुली सातवीनंतर घरी बसत होत्या, कारण काळ्या-पिवळ्यांच्या गर्दीत त्यांना कुणी पाठवत नव्हतं. ड्रायव्हर बाईच हवी, असं पालकांचं म्हणणं. वनिताचा अर्ज एकटाच होता. तिला ती नोकरी नसती मिळाली तर माहेरी जाण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता, आणि सासरे म्हणायचे, पोरगी गेली तर आमच्याकडं बोलायला बी कोणी ऱ्हात न्हाई. मुख्याध्यापकांना ती पसंत होती. पालकांनी सभेत एकच विचारलं, "उस्ताद जा म्हणले का तिला?"

मी उस्तादांकडे गेलो, मुख्याध्यापक गेले, तिचे सासरेही गेले. उस्ताद म्हणायचे, "अजून थोडं."

"किती थोडं, उस्ताद?"

"थोडं."

एका संध्याकाळी टपरीपाशी मी, वनिता आणि उस्ताद, तिघं होतो. ती स्टिअरिंगवर. उस्तादांनी चहा संपवला आणि सवयीने परत गाडीत बसायला दार उघडलं. वनिताने इंजिन बंद केलं.

"चाचा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही मला शिकवून राह्यले, का त्यांना?"

उस्ताद दाराला हात लावून उभे राहिले. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मला वाटलं, आता ते चिडतील. ते मागच्या सीटवर बसले, नेहमीच्या पुढच्या नाही, आणि गावापर्यंत बाहेर बघत राहिले. तिला 'जा' मात्र म्हटलं नाही.

शाळेची गाडी सोमवारी सुरू व्हायची होती. मुख्याध्यापकांनी धीर करून वनितालाच बसवलं आणि पालकांना जे वाटेल ते वाटू द्यावं असं ठरवलं. सकाळी साडेनऊला गाडी चौकात उभी राहिली; पहिल्या दिवशी मुलींना तिथेच आणायचं ठरलं होतं. वस्त्यांवरचे आईबाप मुलींना घेऊन आले होते आणि पाच-सहा पावलांवर थांबले होते. कुणी पुढे होत नव्हतं. एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने मला. मी शाळेच्या वतीने मुलींची यादी घेऊन उभा होतो आणि यादीत एकीपुढेही खूण नव्हती. वनिता काचेतून सरळ समोर बघत होती.

मशिदीच्या गल्लीतून उस्ताद आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलीची मुलगी होती, आमच्याच शाळेत पाचवीत. ती रोज त्यांचं बोट धरून पायीच यायची, दोन किलोमीटर. कुठल्याही गाडीत त्यांनी तिला कधी बसू दिलं नव्हतं, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. उस्तादांनी गाडीचं मागचं दार उघडलं, नातीला वर चढवलं, तिचं दप्तर तिच्या मांडीवर ठेवलं.

"मॅडमला बोलायचं न्हाई. गाडी चालवून राह्यल्या. हात बाहेर काढायचा न्हाई."

"हां, नाना."

दार लावलं. वनिताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

एक बाप खाकरला. "मंग आमची बी बसवा, सर," तो म्हणाला, आणि मुलीला पुढे ढकललं. पाच मिनिटांत माझ्या यादीत अकरा खुणा झाल्या. गाडी निघाली, अगदी सावकाश, चौकातल्या म्हशींना वाट देत.

मी उस्तादांकडे वळलो. आभार मानायचे होते. या वेळी वनिताचे, मुलींचे आणि साठवलेले माझेही. ते म्हणाले, "पहिला तास तुमचा ना, सर? जावा जल्दी."

संध्याकाळी मी चौकात आलो तेव्हा ते तिथेच होते. टपरीवाल्याचा भाऊ चौकात भजी तळतो, त्याने सांगितलं की दिवसभर हललेच नाहीत. ऊन आलं तेव्हा त्याने स्टूल सावलीत ठेवलं आणि धरून नेऊन बसवलं, तेवढंच. भजी दिली ती खाल्ली. दोन वेळा चहा घेतला.

पाचच्या सुमारास गाडी आली. मुली उतरल्या आणि पांगल्या. उस्तादांची नात शेवटी उतरली, फुगलेल्या गालांनी.

"नाना, मॅडम बहोत आहिस्ता चलाते. सायकलवाले बी आगे गए."

वनिता ओशाळून खाली बघू लागली. उस्तादांनी नातीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं आणि माझ्याकडे वळले.

"सर, उद्या शाळेला सुट्टी तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले, आणि घरी गेले.